जठराच्या बायोप्सीसाठी गिम्सा स्टेन : लातूरच्या लॅबमधल्या नोंदी

३ मार्च

डिसेंबरमध्ये, वेळा अमावस्येच्या आठवड्यात आलेला एक ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, आज कपाटातून परत काढला. तेव्हा आम्ही हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, म्हणजे कापाला रंग देणारा रोजचा एच अँड ई स्टेन, तेवढाच केला होता. अहवाल गेला होता : जुनाट जठरदाह, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू दिसला नाही. बाईंच्या पोटातली आग काही थांबली नाही. मागच्या आठवड्यात दुसरीकडे पुन्हा दुर्बीण झाली, तिथं तुकडा युरिएज टेस्टच्या जेलमध्ये टाकला आणि पिवळं जेल गुलाबी झालं, म्हणजे जंतू आहे. मुलगा दोन्ही कागद घेऊन काउंटरवर उभा. "ताई, तुम्ही नाही म्हनलाव, तिथं हाय म्हनायलेत. आम्ही कुनाचं धरावं?"

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, ब्लॉक काढा, नवे काप घ्या, गिम्सा करू. मलेरियाच्या स्मिअरसाठी आणलेली बाटली होती, तीच वापरली. संध्याकाळी त्यांनी ऑइल इमर्शनखाली दाखवलं. जठराच्या खड्ड्यांच्या तोंडाशी, श्लेष्म्याच्या थरात, विळ्याच्या पात्यासारखे वाकलेले निळे जंतू. गर्दी नव्हती, दोन-तीन खड्ड्यांपुरतेच होते. मग डिसेंबरची एच अँड ई स्लाइड शेजारी ठेवून तीच जागा शोधली. तिथंही ते होते. श्लेष्म्याच्या धाग्यांत धागा होऊन बसलेले, फिकट, ओळखूच येणार नाहीत असे.

सुधारित अहवाल आजच दिला. मुलाला मॅडमनी आत बसवून घेतलं आणि चूक आमच्याकडून झाली हे स्पष्ट सांगितलं.

आजपासून तीन महिने जठराच्या प्रत्येक बायोप्सीला दुसरी स्लाइड गिम्साची. पद्धत आपल्या लॅबमध्ये, आपल्या पाण्यावर, उन्हाळ्यात बसवायची. नोंदी मी ठेवणार.

५ मार्च

गिम्साच का, हे आधी लिहून ठेवते, कारण नंतर कुणीतरी विचारणारच.

हा जंतू पहिल्यांदा नीट पाहिला तो पॅथॉलॉजीच्याच टेबलावर. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थ इथं रॉबिन वॉरन यांना जठराच्या बायोप्सीवर पृष्ठभागालगत एक निळी रेघ दिसली. आम्लात जंतू जगत नाहीत असं तेव्हा सगळे धरून चालत. वॉरननी चांदीचा वॉर्थिन-स्टारी स्टेन करून ते जंतूच आहेत हे दाखवलं. १९८२ मध्ये बॅरी मार्शल यांच्याबरोबर ते वाढवले गेले, तेही ईस्टरच्या सुट्टीत प्लेट नेहमीपेक्षा जास्त दिवस इनक्युबेटरमध्ये राहिल्या म्हणून. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. मला यातली रेघेची गोष्ट फार मोलाची वाटते. स्लाइड बनवणाऱ्याचा हात चांगला होता म्हणून ती रेघ दिसली असणार. त्या तंत्रज्ञाचं नाव कुठं वाचलं नाही.

चांदीचा स्टेन आमच्याकडे होणार नाही. सिल्व्हर नायट्रेट महाग, काचसामान कमालीचं स्वच्छ लागतं, आणि जरा चुकलं की सगळीकडे काळे कण. इम्युनोस्टेन सगळ्यांत खात्रीचा, पण अँटिबॉडी परवडत नाही, ब्लॉक बाहेर पाठवावा लागतो. टोल्युडीन ब्लू स्वस्त आणि झटपट, पण सगळंच निळं दिसतं, पेशींचा तपशील जातो. गिम्सात जंतू गडद निळे आणि ऊतीचा पोतही बऱ्यापैकी कळतो. आणि बाटली आधीच फडताळात आहे.

६ मार्च

गिम्साचा स्टॉक, म्हणजे मूळ द्रावण, ताजा केला. गिम्सा पावडर ४ ग्रॅम, ग्लिसरॉल २५० मिली. मेणाच्या ओव्हनमध्ये ६० अंशांवर ठेवून मधूनमधून हलवलं, मग मिथेनॉल २५० मिली. सात दिवस मुरू द्यायचं, नंतर गाळायचं. बाटलीवर तारीख लिहिली.

१४ मार्च

पहिली बॅच. सगळं निळं. कपड्याची नीळ सांडावी तसा आख्खा काप निळा, केंद्रकं, श्लेष्मा, स्नायू, सगळं एकाच रंगात बुडालेलं. वर जांभळे कण. जंतू असले तरी कुणाला दिसणार?

मॅडमनी एकच विचारलं, "पाणी कुठलं वापरलं?"

बोअरचं.

१७ मार्च

पीएच मीटर कॅलिब्रेट करून चार ठिकाणचं पाणी मोजलं. बोअर ८ च्या आसपास. नळाचं त्याहून किंचित खाली. नव्या आरओ मशीनचं ६ च्याही खाली, आणि भांडं उघडं ठेवलं की आणखी उतरतं, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि त्याला सावरायला पाण्यात क्षार उरलेले नसतात. डिस्टिल्डचंही तेच.

गिम्सात मिथिलीन ब्लू आणि अझ्युर हे निळे भाग, इओसिन हा गुलाबी. कुणी किती बसायचं हे पाण्याचा पीएच ठरवतो. पाणी अल्कधर्मी झालं की ऊतीतले आम्लगट उघडे पडतात आणि निळं सगळीकडे चिकटतं. आम्लाकडे गेलं की गुलाबी वाढतं, जंतू फिके पडतात. आम्हाला ६.८ हवं, आणि ते रोज ६.८ च हवं.

लातूरमध्ये लॅब चालवायची तर पाण्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हे मला नव्यानं कळलं असं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा शिकत होते. प्रॅक्टिकलला स्लाइड वाहत्या पाण्यात धुवा असं पुस्तकात होतं आणि आम्ही बीकरमध्ये तीनदा पाणी बदलून भागवत होतो. धुतलेलं पाणी सांडू न देता बादलीत धरायची सवय माझ्या हाताला तेव्हापासून आहे. पण तेव्हा प्रश्न पाणी किती आहे एवढाच होता. पाणी कसं आहे हे कुणी विचारत नव्हतं.

२४ मार्च

डिस्टिल्ड पाण्यात दोन फॉस्फेट क्षारांचा बफर, पीएच ६.८. बोअरच्या पाण्यात बफर करायचा नाही, त्यातल्या कॅल्शियमचा फॉस्फेटशी साका होतो. बफर १०० मिलीला स्टॉक २ मिली, ताजं कालवून, गाळून, ४० मिनिटं.

काप नीट निवळला. मागची पार्श्वभूमी गुलाबीसर, केंद्रकं निळी, आणि कंट्रोलच्या, म्हणजे जंतू आहेतच हे माहीत असलेल्या, स्लाइडवर खड्ड्याच्या कडेनं जंतू उठून दिसले. कंट्रोल म्हणून डिसेंबरच्या त्याच ब्लॉकमधून वापरता येईल का, असं मी विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या. तो ब्लॉक त्या बाईंचा आहे, त्यात ऊती फार थोडी उरली आहे, उद्या गरज पडली तर? जंतूंनी भरलेला, भरपूर ऊती असलेला दुसरा जुना ब्लॉक निवडला.

२ एप्रिल

गिम्सा सुधारला आणि एच अँड ई बिघडला!

सकाळपासून सगळी केंद्रकं विटकरी. निळी व्हायलाच तयार नाहीत. प्रशिक्षणार्थी मुलानं हिमॅटॉक्सिलिनची बाटली खराब झाली म्हणून नवी फोडली, तरी तेच. दुपारी उमगलं. गिम्सा बरा झाला म्हणून लॅबमधल्या मदतनीस मामांनी उत्साहानं सगळ्याच स्टेनिंग ट्रेमध्ये आरओचं पाणी भरायला सुरुवात केली होती.

हिमॅटॉक्सिलिन आम्लात लाल असतं. आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये जादा रंग काढला की स्लाइड अल्कधर्मी पाण्यात ठेवावी लागते, तेव्हा ती निळी होते. इतकी वर्षं आमचं हे काम बोअरचं जड पाणी गुपचूप करत होतं आणि आम्हाला त्याची जाणीवही नव्हती. जे पाणी गिम्साला बुडवतं तेच हिमॅटॉक्सिलिनला तारतं.

तरी पुन्हा बोअरवर जायचं नाही असं ठरवलं. बोअरचं पाणी महिन्यागणिक बदलतं, उन्हाळ्यात पातळी खाली गेली की आणखी जड होतं, स्लाइडवर पांढरे डाग सोडतं. स्कॉटचं द्रावण केलं : लिटरला सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम. दोन मिनिटांत केंद्रकं निळी. ट्रेवर रंगीत पट्ट्या लावल्या. निळी पट्टी स्कॉट, पिवळी बफर. मामांना वाचायला अडचण आहे, पट्टी मात्र ते कधी चुकत नाहीत.

९ एप्रिल

ऊन ४० च्या पुढं. मायक्रोटोमवर, म्हणजे काप घ्यायच्या यंत्रावर, मेण मऊ पडतं, कापांचं रिबन सुरकुततं. ब्लॉक बर्फावर ठेवून सकाळी नऊच्या आत कापून घेते. जाडी ३ मायक्रॉन. ४ वर गेलं की गिम्सात जंतू एकमेकांवर येतात.

आजचा खरा त्रास फॉर्मॅलिनचा. तालुक्याच्या ठिकाणाहून आलेल्या दोन बाटल्यांमधल्या तुकड्यांवर तपकिरी-काळे कण. बफर नसलेलं फॉर्मॅलिन उन्हात ठेवलं की आम्ल होतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून हे कण तयार होतात. गिम्साच्या स्लाइडवर ते नेमके जंतूंच्या जागी येऊन बसतात. पिक्रिक ॲसिडच्या संपृक्त अल्कोहोल द्रावणानं काढता येतात, काढले. पण मूळ दुखणं बाटलीत आहे.

तिसरी बाटली सलाइनची होती. फॉर्मॅलिन संपलं होतं म्हणे. तुकडा २ मिलिमीटरचा, चार तास सलाइनमध्ये, एप्रिलमध्ये. पृष्ठभागाच्या पेशी गळून गेल्या होत्या, आणि जंतू राहतात ते त्याच पृष्ठभागावर. त्या माणसाला उपाशीपोटी दुर्बीण गिळावी लागली, आणि आम्ही अहवालात नमुना अपुरा एवढंच लिहू शकलो. याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

आता आम्हीच बाटल्या भरून पाठवणार. लिटरला फॉर्मॅलिन १०० मिली, पाणी ९००, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. मॅडमनी फोन करून सगळ्या डॉक्टरांना सांगितलं, बाटली आमची, खर्च आमचा, फक्त तुकडा काढल्याबरोबर तीत टाका.

१६ एप्रिल

प्रशिक्षणार्थी मुलगा धावत आला, "ताई, हे बघा किती हायत!"

खरंच स्लाइडभर निळे दांडके. पण एच अँड ई मध्ये त्या तुकड्यात दाह जवळजवळ नाही. इतके जंतू आणि एकही न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, नाही? मॅडमनी फाइन फोकस हळूच वरखाली केला. ऊती स्पष्ट असताना दांडके धूसर, दांडके स्पष्ट झाले की ऊती धूसर. म्हणजे ते ऊतीत नाहीत, ऊतीच्या वर तरंगत बसलेत. आणि ते सरळ होते, वाकलेले नव्हते. स्लाइड सरकवली तर रिकाम्या काचेवरही तेच.

वॉटरबाथमधले जंतू. पाणी वाचवायचं म्हणून काप तरंगवायचं पाणी दोन दिवस बदललं नव्हतं. पाण्याच्या ड्रमच्या तळाशीही बुळबुळीत थर सापडला. हा निर्णय माझाच होता, पाण्याचा टँकर आला नव्हता म्हणून घेतलेला. काही गोष्टींत पाणी वाचवायचं नाही हे आता वहीत लिहिते : वॉटरबाथ रोज रिकामा, पुसून कोरडा, सकाळी ताजं डिस्टिल्ड. रिकामं केलेलं पाणी कुंड्यांना.

मुलाला रागावले नाही. त्यानं पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं. कुठं पाहायचं ते आज शिकला : पृष्ठभागाच्या पेशींना लागून, श्लेष्म्यात, खड्ड्यांच्या तोंडाशी, ऊतीच्याच फोकसमध्ये.

२८ एप्रिल

शेवटची पायरी हातावर आहे, घड्याळावर नाही. ०.५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवायचं, काप गुलाबीकडे झुकला की लगेच काढायचं. नंतरचं अल्कोहोलही निळा रंग ओढून घेतं, म्हणून तिथं रेंगाळायचं नाही. ९५ टक्के, शंभर, शंभर, मग झायलीन, शेवटी काच चिकटवायचं डीपीएक्स. मुलाच्या स्लाइड फिक्या यायच्या कारण तो प्रत्येक अल्कोहोलमध्ये मनात दहा आकडे मोजत होता. आता तीन बुड्या, बस.

६ मे

मधल्या वयाचे गृहस्थ, सहा महिन्यांपासून कुणी ना कुणी दिलेली गॅसची गोळी चालू. अँट्रमचा, म्हणजे जठराच्या शेवटच्या भागाचा, एकच तुकडा. एच अँड ई वर जुनाट दाह, त्यात न्यूट्रोफिल. गिम्सा कोरा. कंट्रोल झकास निळा, म्हणजे स्टेनमध्ये खोट नाही.

मॅडमनी अहवाल थांबवला. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्यांनी आम्ल कमी झालं की अँट्रममधले जंतू विरळ होतात, जठराच्या मधल्या भागाकडे, बॉडीकडे सरकतात, काही गोल आकार घेतात. म्हणून या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी थांबवून तपासायचं असतं. अँट्रमचा एक तुकडा कोरा निघाला याचा अर्थ जठरात जंतू नाही असा होत नाही.

जठरदाह तपासायची १९९४ ची सुधारित सिडनी पद्धत पाच तुकडे मागते : अँट्रममधून दोन, बॉडीतून दोन, इन्सिझुरातून, म्हणजे त्या दोहोंमधल्या वळणातून, एक. आमच्याकडे बहुतेक वेळा एका बाटलीत एक किंवा दोन येतात, जागा न लिहिता. दोष कुणा एकाचा नाही. तुकडा म्हटलं की लोक घाबरतात. त्या गृहस्थांच्या पत्नीनंही मला विचारलं, "तुकडा काढलाय म्हंजे तसलंच काही हाय का?" मी त्यांना सांगितलं की तुकडा काढला म्हणजे कॅन्सर असतोच असं नाही, बहुतेकदा दाह किती आणि कशामुळे हे बघायलाच काढतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला.

२१ मे

संबंधित डॉक्टरांनी गोळी थांबवून पुन्हा दुर्बीण केली. यावेळी दोन बाटल्या, अँट्रम आणि बॉडी वेगळ्या. बॉडीच्या तुकड्यात जंतू. अँट्रममध्ये एकाच खड्ड्यात.

मॅडमनी मला आणि मुलाला दोन्ही स्लाइड पाहायला बसवलं. अर्धा तास कुणी बोललं नाही.

२३ मे

रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर पहाटे बसला, तुकडे मेणात बसवायला तयार करणारा प्रोसेसर झायलीनमध्ये थांबला. तुकडे ठिसूळ. कसेबसे कापले.

३० मे

अल्शियन ब्लू आणि पीएएस हे श्लेष्म्याचे दोन स्टेन एकत्र, पीएच २.५. प्रकल्पात नव्हतं, पण एका ज्येष्ठ रुग्णाच्या तुकड्यात एच अँड ई वर गॉब्लेट पेशींची, म्हणजे आतड्यात असणाऱ्या श्लेष्मा करणाऱ्या पेशींची, शंका होती. जठराच्या पृष्ठभागाचा उदासीन श्लेष्मा पीएएसनं किरमिजी झाला आणि मध्येच आतड्यासारख्या गॉब्लेट पेशी निळ्या थेंबांसारख्या उमटल्या. किरमिजीच्या शेतात निळे थेंब. इतकी सुंदर स्लाइड मी या वर्षी केली नव्हती, आणि ती इतक्या काळजीची गोष्ट सांगते याचं मन दडपलं.

वर्षानुवर्षं जंतू राहिला की जठराच्या ग्रंथी झिजतात, काहींच्यात अस्तर आतड्यासारखं होतं, आणि तिथून पुढे काहींच्यात कॅन्सरकडे वाट जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये या जंतूला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवणाऱ्यांत, घातलं. अस्तर आतड्यासारखं झालेल्या भागात मात्र जंतू सहसा राहत नाही. मुलाला सांगितलं, निळे थेंब दिसतात तिथं गिम्सात शोधत बसू नको, शेजारच्या जठरासारख्या अस्तरात शोध.

९ जून

मृग लागला आणि काल संध्याकाळी पहिला मोठा पाऊस. सकाळी बोअरचं पाणी गढूळ, मीटरवरचा आकडा मार्चपेक्षा वेगळा. स्कॉट आणि बफर असल्यानं आज स्लाइडवर त्याचा काहीही परिणाम नाही. मामांनी मात्र पन्हाळीखाली स्वच्छ पिंप लावलंय. ते डिस्टिलेशनला घालायचं म्हणतात.

१४ जून

तीन महिने झाले. मॅडम, मी आणि मुलगा बसून पद्धतीचं एक पान केलं, भिंतीवर लावलं. प्रत्येक बॅचमध्ये कंट्रोल स्लाइड, अपवाद नाही. कंट्रोल निळा आला नाही तर त्या दिवशीचा एकही गिम्सा वाचायचा नाही. अहवालात यापुढे तुकडे किती, कुठले, कुठल्या स्टेनवर पाहिलं आणि गोळ्या चालू होत्या का, हे लिहायचं. गोळ्यांची माहिती फॉर्मवर नसेल तर फोन करून विचारायची. गिम्सा कायमचा ठेवायचा.

मग मॅडमनी तो प्रश्न काढला जो मार्चपासून माझ्याही मनात होता. डिसेंबरच्या बाईंचा मुलगा कागद घेऊन आला म्हणून आपल्याला कळलं. जे आले नाहीत त्यांचं काय?

१६ जून

गेल्या वर्षभराच्या अहवालांची वही काढली. ज्यांच्यात न्यूट्रोफिल होते, म्हणजे दाह पेटता होता, आणि तरी जंतू दिसला नाही असं आम्ही लिहिलं होतं, त्या नोंदींसमोर मॅडमनी पेन्सिलीनं खुणा केल्या. दाह पेटता असेल तर तो पेटवणारा शोधायला हवा होता. अशा ४१ खुणा झाल्या.

१९ जून

ब्लॉक शोधायला मुलगा आणि मी दोघं. तीन सापडेनात, नंबर चुकीच्या ट्रेमध्ये होते. शेवटी सगळे मिळाले.

२० जून

पहिले सहा कापले, कंट्रोल धरून सात स्लाइड. एकात जंतू स्पष्ट. मॅडमनी स्वतः फोन लावला. नंबर बदललेला निघाला, म्हणून पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून गावाचं नाव घेतलं. त्या गावी मामांचे पाहुणे आहेत, रविवारी ते जाऊन येणार आहेत, सोबत सुधारित अहवालाचं बंद पाकीट. उरलेले ३५ पुढच्या आठवड्यात, रोज सात.